पर्जन्यमापक आणि पाठ टाचण



प्रमुख पाहुण्याने संस्थेची यथोचित स्तुती करावी, पारितोषिके हसतमुखाने वाटावीत आणि नाटकाची घंटा होण्यापूर्वी खाली बसावे, ही जी आपली माफक अपेक्षा असते, ती पुरी करण्याची माझीही इच्छा आहे. परंतु ज्याची उभी हयात भूगोल शिकविण्यात गेली, त्याला आपण छात्राध्यापकांनी मांडलेल्या प्रदर्शनाच्या दालनातून नुसती मान डोलवीत पुढे जाणे साधत नाही. त्या दालनातील दोन वस्तूंपाशी मी थोडा अधिक रेंगाळलो, आणि स्तुतीचा मजकूर तिथेच मागे पडला.

पहिली वस्तू ज्वालामुखीची प्रतिकृती. कागदाच्या लगद्याचा सुबक शंकू, त्याच्या माथ्यात दडविलेली औषधाची बाटली, तीत खाण्याचा सोडा, वरून लिंबाचा रस, आणि कुंकवाने लाल केलेला फेस उतारावरून ओघळत असलेला. खाली ठळक अक्षरांत ‘सह्याद्रीची निर्मिती’. कारागिरीविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच, की ही प्रतिकृती पाहून गेलेले मूल उद्या कळसूबाईवर चढले, तर 1646 मीटर उंचीच्या त्या माथ्यावर ते ज्वालामुखीचे तोंड शोधीत बसेल. आपल्या दख्खनच्या पठाराचा कातळ असा एका शंकूच्या मुखातून उसळलेला नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूकवचाला गेलेल्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा बाहेर पडला, पसरला, थिजला, आणि मध्यंतरी कधी अल्प, कधी दीर्घ विश्रांती घेऊन पुन्हा त्याच पृष्ठावर पसरत राहिला. त्याचे आज उरलेले क्षेत्रच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरते, आणि घाटमाथ्याच्या बाजूला त्या थरांची एकूण जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरांच्या घरात जाते. ज्यांना आपण डोंगर म्हणतो, ते या थरांची पुढे नद्यांनी आणि पावसाने जी झीज केली, तीतून शिल्लक राहिलेले अवशेष होत.

हे सारे पुस्तकात असते, आणि पुस्तकात असल्यामुळेच ते मुलांना खरे वाटत नाही. म्हणून माझे सांगणे असे, की छात्रसेवाकालात आपल्याला जी शाळा मिळेल, तिच्या जवळच्या एखाद्या घाटात, रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथे, वाहनांपासून सुरक्षित जागा पाहून वर्ग उभा करावा. तळाशी घट्ट काळा कातळ दिसेल. त्याच्यावर तोच दगड, पण लहानमोठ्या पोकळ्यांनी भरलेला, आणि त्या पोकळ्यांत मुले ज्याला सरसकट गारगोटी म्हणतात असे पांढरे स्फटिक. त्याच्यावर वीतभर ते हातभर जाडीचा तांबड्या मातीचा पट्टा. आणि त्या पट्ट्यावर पुन्हा काळा कातळ. पोकळ्या म्हणजे थिजत्या लाव्ह्यातून निसटू पाहणाऱ्या वायूंच्या जागा. स्फटिक त्या पोकळ्यांत पुढे पाझरलेल्या पाण्याने आणून ठेवलेले. आणि तांबडा पट्टा म्हणजे दोन प्रवाहांमधील तो काळ, ज्यात खालचा दगड ऊनपाऊस खात उघडा पडला, झिजला, त्याची माती झाली. त्या पट्ट्यावर ज्या मुलाने बोट ठेवले, त्याला ‘कोट्यवधी वर्षे’ ही तुमची संज्ञा आता निदान पोकळ वाटणार नाही.

दुसरी वस्तू एक तक्ता. त्यात पृथ्वीभोवती ओझोनचे आवरण काढले होते, आवरणाला भोक होते, आणि त्या भोकातून सूर्याची उष्णता आत शिरून पृथ्वी तापत असल्याचे बाणांनी दाखविले होते. हा घोटाळा आपल्याच विद्यालयाचा नव्हे. सुशिक्षितांच्या बैठकीतही तो मी ऐकला आहे. ओझोनचा थर अतिनील किरण अडवितो. त्याला जी हानी पोहोचली ती मुख्यतः शीतयंत्रांतील विशिष्ट रसायनांनी, आणि 1987 च्या माँट्रिअल कराराने त्यांच्यावर नियंत्रण आणल्यापासून तो सावरू लागला आहे. पृथ्वी तापण्याचे प्रमुख कारण निराळे आहे. सूर्याचा प्रकाश वातावरणातून बराचसा निर्वेध खाली येतो. तापलेली जमीन मात्र ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने परत पाठविते, आणि कार्बन डायऑक्साइड, बाष्प, मिथेन यांसारखे वायू त्या किरणांचा काही भाग शोषून पुन्हा खाली धाडतात. हा गुणधर्म जॉन टिंडल यांनी 1859 साली प्रयोगशाळेत नळीत वायू भरून मोजून दाखविला. आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड हवाई बेटावरच्या मौना लोआ येथे 1958 पासून अखंड मोजला जात आहे. तेव्हा दहा लाख भागांत तो सुमारे 315 भाग होता, आज 420 च्या वर आहे. त्या आलेखाची रेघ चढत जाताना दरवर्षी एक लहानसा हेलकावाही घेते, कारण उत्तर गोलार्धातील झाडेझुडपे पालवली की ती हवेतील वायू ओढून घेतात आणि पानगळीनंतर तो परत जातो. तक्ता काढायचाच, तर हा काढावा; वनस्पतींचा श्वास आणि माणसाचा धूर एकाच रेषेत वाचता येतो, असे दुसरे चित्र माझ्या पाहण्यात नाही.

आपल्या पाठ टाचणात उद्दिष्टे असतात, स्पष्टीकरण असते, फलकलेखन असते, विद्यार्थ्याच्या ‘कशावरून?’ या प्रश्नाला मात्र रकाना नसतो. आणि भूगर्भाच्या व हवामानाच्या शास्त्रांत तो रकाना सर्वांत अगत्याचा आहे, कारण इथली विधाने बदलतात. दख्खनचे पठार स्थिर आहे, असे शिकविणाऱ्या शिक्षकांच्या पिढ्या होऊन गेल्या. भूकंपप्रवणतेच्या तेव्हाच्या नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात तिथे हजारो माणसे आपापल्या घरांच्या दगडमातीखाली गेली. नकाशा पुढे दुरुस्त झाला. ज्या शिक्षकाने नकाशा पाठ केला होता तो निरुत्तर झाला. नकाशा कोणत्या नोंदींवरून काढतात हे ज्याला ठाऊक होते, त्याला मुलांसमोर पुन्हा उभे राहता आले.

मुसळधार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी वर्गात विचारणा होणारच, की गुरुजी, हाच का तो हवामानबदल? 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा 73. एका दिवसाची, एका ठाण्याची नोंद किती सांगते आणि किती सांगत नाही, हे समजाविण्यास यापरते उदाहरण नको. पण याच्या आडोशाला बसून प्रश्न टाळणेही प्रामाणिकपणाचे नाही. हवा एक अंशाने तापली, की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. आणि 1950 ते 2015 या काळातील नोंदी तपासून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी यांनी 2017 साली दाखवून दिले, की मध्य भारतात विस्तीर्ण प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. दोन्ही गोष्टी सांगाव्यात, आणि त्याच क्रमाने.

या नोंदी कोणी केल्या? भारतीय हवामान खाते 1875 साली स्थापन झाले, पण पाऊस मोजला जाई तो बहुधा मामलेदार कचेरीच्या आवारात, कारण सरकारचा सारा, तगाई आणि पिकांची आणेवारी हे सर्व पावसावर अवलंबून. सकाळी पर्जन्यमापकाचे नरसाळे काढून काचपात्रातील पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत वाचणारा तो अनाम कारकून आपण विज्ञानाची सेवा करीत आहोत असे समजत नव्हता. 1904 पासून खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर हे गणिती. त्यांनी असल्या दफ्तरांतील आकडे जगभरच्या वायुभाराच्या नोंदींशी ताडून पाहिले, आणि त्यातून प्रशांत महासागरावरील वायुभाराचा तो हेलकावा हाती लागला, ज्याचा एल निनोशी असलेला संबंध पुढे उलगडला. खात्याचे मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यास आले, आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात.

तेव्हा प्राचार्यांच्या अनुमतीने एक व्यावहारिक सूचना करतो. विद्यालयाच्या आवारात मृगापूर्वी एक पर्जन्यमापक बसवावा. प्रवेशद्वाराजवळ आंब्याखाली शोभेल अशी जागा मोकळी आहे, तिथे बसवू नये; इमारत वा झाड जितके उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर मोकळे हवे, आणि नरसाळ्याची कड जमिनीपासून सुमारे 30 सेंटिमीटर उंच. वाचन रोज सकाळी साडेआठला, कारण देशभर तीच वेळ आहे. कोरड्या दिवशी शून्य लिहावे. रकाना रिकामा सोडला, तर पाऊस पडला नाही की कोणी पाहिले नाही, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. शाळांतील बहुतेक नोंदवह्या निकामी होतात त्या रविवारी आणि गणपतीच्या सुट्टीत, कारण सोमवारी वाचलेला दोन दिवसांचा पाऊस एका दिवसाच्या नावे रुजू होतो. सुट्टीची पाळी वसतिगृहातील मंडळींनी घ्यावी की गावातल्यांनी, हा तंटा मी विद्यार्थिप्रतिनिधींवर सोपवितो. पडद्याआडून रंग लावलेली मंडळी मघापासून डोकावत आहेत. त्यांचा आणखी वेळ घेत नाही.