गरोदर बाईचा ताप आणि काळी खपली
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेत बचत आणि कर्जफेडीचे विषय आहेतच. त्याआधी अध्यक्षताईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत. ती मी एका तापासाठी वापरणार आहे.

सध्या निंदण चालू आहे. धुऱ्यावर गवत कमरेएवढं वाढलंय. याच दिवसांत आपल्याकडे स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत याचे रुग्ण सापडले होते, काही दगावलेही. नाव टायफॉईडसारखं वाटतं, पण आजार वेगळा आहे. टायफॉईड घाण पाण्यातून, अन्नातून होतो. हा ताप गवतात, झुडपात राहणाऱ्या एका किड्याच्या अळीपासून होतो. अळी इतकी बारीक असते की डोळ्यांना जेमतेम दिसते. जिथे उंदीर आणि गवत, तिथे ती असू शकते. ती चावते तेव्हा दुखत नाही, म्हणून आपल्याला कळतही नाही. साधारण दहा दिवसांनी जोराचा ताप येतो, डोकं आणि अंग ठणकतं, उलट्या होतात. हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. म्हणून आजारी बाईला वेगळं टाकू नका.

आता सांगा, गवतात बसून निंदण कोण करतं? सरपण, चारा कोण आणतं? आपणच. दिवस गेलेली बाईसुद्धा मजुरी बुडू नये म्हणून सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत जाते. तिला हा ताप झाला आणि उपचाराला उशीर झाला, तर गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटात दगावू शकतं किंवा कमी दिवसांचं जन्मतं. आईच्याही जिवावर बेतू शकतं.

आणि उशीर का होतो? एक म्हणजे, "गरोदरपणात अंग गरम राहतंच" असं म्हणून घरात दोन-चार दिवस काढतात. दुसरं कारण लाज. जिथे अळी चावते तिथे बऱ्याच जणींना एक काळी खपली धरते. विडीचा चटका बसावा तशी दिसते, पण दुखत नाही, खाजत नाही. ती बहुतेक झाकलेल्या जागी असते : काखेत, स्तनाखाली, नाडीच्या जागी, जांघेत. बाई स्वतः बघत नाही, डॉक्टरांसमोर दाखवत नाही. "कसं सांगू, लाज वाटते!" पण तायांनो, ती खपलीच डॉक्टरांना आजार ओळखायला मदत करते. नर्सताईला दाखवा, आशाताईला दाखवा, पण दाखवा. आणि खपली नसली म्हणजे हा ताप नाही, असंही समजू नका.

दवाखान्यात तीन गोष्टी न विचारता सांगायच्या : मला कितवा महिना आहे, ताप कधीपासून आहे आणि मी शेतात, गवतात गेले होते. मलेरिया, डेंग्यूची तपासणी निघाली नाही, तर स्क्रब टायफसची करायची का, हे विचारा. विचारण्यात काही चूक नाही.

मेडिकलमधून आपल्या मनाने गोळी आणू नका. टायफॉईडची बरीच औषधं या तापावर चालत नाहीत. यावर नेहमी दिली जाणारी डॉक्सीसायक्लिन गरोदर बाईला सहसा देत नाहीत, तिच्यासाठी ॲझिथ्रोमायसिन वापरतात. कोणती, किती, हे डॉक्टरच ठरवतील. योग्य औषध वेळेत सुरू झालं, तर बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत ताप उतरायला लागतो. म्हणजे आजार बरा होणारा आहे, फक्त वेळ घालवायची नाही. धाप लागली, डोळे पिवळे झाले, बाई असंबद्ध बोलू लागली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर लगेच १०२ किंवा १०८ ला फोन करा.

काळजी साधी आहे. शेतात पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पाय झाका. गवतावर थेट बसू नका, झुडपांवर कपडे वाळत घालू नका. शौचाला झुडपात बसू नका, संडास वापरा. घरी आल्यावर अंग घासून आंघोळ करा, कपडे बदला. घराभोवतीचं गवत काढा. गरोदर बाईला या दोन-तीन महिन्यांत गवतातलं काम देऊ नका. सासूबाई इथे बसल्या आहेत, त्यांना हे खास सांगते.

शेवटी गटाचं काम. प्रत्येक गटाने आपल्या गटातल्या आणि सदस्यांच्या घरातल्या गरोदर बायांची यादी आजच करा. तिला ताप आला की त्याच दिवशी एक सदस्य तिच्यासोबत आरोग्य केंद्रात जाईल. पैशासाठी ती थांबणार नाही. ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी अशाच वेळेसाठी असतो. हा ठराव आज वहीत लिहूया, आणि पुढच्या सभेत कर्जफेडीसोबत याचाही आढावा घेऊया.