राखणीचं कुत्रं मालकावरच भुंकतं, तेव्हा



आजचा विषय पिकाचा नाही, खताचा नाही, तरी तो तुमच्या वस्तीवरचाच आहे. आपण गाई-म्हशींच्या आजारावर बोलतो, कोंबड्यांच्या लसीवर बोलतो. पण रात्रभर जागून गोठा राखणाऱ्या कुत्र्याबद्दल कोणी बोलत नाही. अलीकडे गावोगाव फिरताना एक तक्रार वारंवार कानावर येते, "साहेब, घरचं कुत्रं चोरावर भुंकायचं सोडून माझ्यावरच भुंकतं, काय करावं?"

असंच एक शेतकरी दादा मला भेटले. रात्रीची वीज होती म्हणून ते उसाला पाणी द्यायला गेले. पहाटे डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात फावडं आणि बॅटरी, असे परत आले. त्यांचा मोत्या साखळी तोडायला आल्यासारखा भुंकू लागला. दादांनी रागाने ढेकूळ मारलं. पुढे रोज तेच, कुत्र्याचं भुंकणं आणि दादांचा दगड. पंधरा दिवसांनी त्यांचा धाकटा मुलगा भाकरी घालायला गेला, तर मोत्या त्याच्या अंगावर गेला. थोडक्यात निभावलं. म्हणून म्हणतो, हा विषय हसण्यावारी नेऊ नका.

भुंकणं ही कुत्र्याची बोली आहे

कुत्रं उगाच भुंकत नाही. त्याला काहीतरी सांगायचं असतं. काय सांगायचंय ते त्याच्या अंगाकडे बघून कळतं.

शेपटी सैल हलते, अंग वळवळतं, पुढचे पाय पसरून ते खाली वाकतं, तर तो आनंद किंवा खेळ आहे. शेपटी पायांत, कान मागे पडलेले आणि भुंकता भुंकता मागे सरकतं, तर ती भीती आहे. अंग ताठ, नजर रोखलेली, मानेवरचे केस उभे आणि दात दिसतात, तर तो इशारा आहे. तिथे पुढे पाऊल टाकू नका. आणि तुमच्याकडे नि भाकरीच्या टोपल्याकडे आळीपाळीने बघत भुंकत असेल, तर ती सरळ मागणी आहे.

मालकाला ओळखत कसं नाही?

कुत्रं माणसाला मुख्यतः वासावरून, आवाजावरून आणि चालीवरून ओळखतं. अंधारात घोंगडी, रेनकोट, डोक्यावर कडब्याचा भारा असला की आकार बदलतो. फवारणी करून आलात की औषधाच्या वासाखाली तुमचा वास झाकला जातो. त्यात बॅटरीचा झोत त्याच्या डोळ्यांवर मारलात तर त्याला तुम्ही दिसतच नाही. मग ते भुंकतं, म्हणजे त्याचं काम चोख करतं. त्यासाठी त्याला मारणं म्हणजे राखणदाराला राखण केल्याची शिक्षा देणं.

उपाय सोपा आहे. लांबूनच नावाने हाक मारा. बॅटरी जमिनीकडे धरा. सरळ अंगावर चालून न जाता थोडं थांबा, त्याला वास घेऊ द्या. फवारणीचे कपडे गोठ्याबाहेर उतरवा, साबणाने अंघोळ करा आणि मगच कुत्र्याजवळ जा. फवारणीनंतरची ही अंघोळ तुमच्या स्वतःच्या तब्येतीलाही हवीच.

कुत्रं म्हातारं असेल तर त्याला ऐकू आणि दिसायला कमी येतं. अचानक अंगावर हात पडला की ते दचकून भुंकतं, चावतंही. अशा कुत्र्याजवळ जाताना समोरून जा आणि पाय आपटत जा. जमिनीचा हादरा त्याला कळतो.

भाकरीसाठी भुंकणं

ही सवय मात्र आपणच लावतो. कुत्रं भुंकलं की "घे बाबा, गप बस" म्हणून आपण चतकोर भाकरी टाकतो. कुत्रं एवढंच शिकतं, की भुंकलं की भाकरी मिळते.

ही सवय मोडायची तर खाण्याच्या दोन वेळा ठरवा. भाकरी घेऊन उभे राहा. भुंकत असेल तर बोलू नका, बघू नका, पाठ फिरवा. गप्प झालं की मनात पाच आकडे मोजा आणि मग भाकरी ठेवा. पुढे हीच वेळ हळूहळू वाढवा. पहिले काही दिवस भुंकणं कमी न होता उलट वाढेल. पूर्वी मिळत होतं ते आता का मिळत नाही, म्हणून ते जास्त जोर लावतं. नेमकं तेव्हा हार मानून भाकरी टाकलीत, तर आणखी जोरात भुंकलं की मिळतं हे ते शिकेल. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळावा. तुम्ही नियम पाळायचा आणि आजीने मागच्या दाराने तुकडा टाकायचा, असं झालं तर महिनाभराची मेहनत वाया जाते.

नवा खोंड औताला लावताना आपण धीर धरतो ना? तोच धीर इथे धरायचा.

साखळी आणि मार

दिवसभर आखूड साखळीला बांधलेलं कुत्रं चिडखोर होतं. त्याची सगळी ताकद भुंकण्यात जाते. त्याला सकाळ-संध्याकाळ शेतावर सोबत न्या. बांधायचंच असेल तर साखळी लांब ठेवा, सावली आणि पाणी जवळ असू द्या. बिबट्याचा वावर असलेल्या भागात रात्री कुत्रं उघड्यावर बांधू नका. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. त्याला बंदिस्त गोठ्यात ठेवा.

ओरडून काही होत नाही. आपण ओरडलो की मालकही आपल्याबरोबर भुंकतोय असं त्याला वाटतं. मारलं तर ते भितं, आणि भ्यालेलं कुत्रं चावतं. गुरगुरल्याबद्दल मार बसला तर ते गुरगुरणं सोडतं आणि इशारा न देताच चावतं. ते जास्त धोक्याचं. त्यापेक्षा हळू आवाजात एकदाच "बस" म्हणा. गप्प झाल्याबरोबर तुकडा द्या, पाठ थोपटा. रोज पाच-दहा मिनिटं असं केलंत तर शब्दाचा अर्थ त्याला कळतो.

खात असलेल्या किंवा पिलं असलेल्या कुत्रीजवळ मुलांना जाऊ देऊ नका. तोंडातलं हाड ओढू नका. दुसरा तुकडा लांब टाका, म्हणजे ते आपणहून सोडेल.

भुंकण्यामागे दुखणं

एरवी शांत असलेलं कुत्रं हात लावताच भुंकू लागलं, तर आधी अंग तपासा. कानात पू किंवा गोचीड, पायात काटा, गळपट्ट्याखाली जखम, यातलं काहीतरी सापडतं. पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. दुखणं गेलं की भुंकणंही जातं.

सर्वांत महत्त्वाचं: पिसाळणं

कुत्र्याचा स्वभाव एकाएकी बदलला, आवाज घोगरा झाला, लाळ गळू लागली, जबडा लोंबला, चाल लडखडली, ते माती-लाकूड चावू लागलं किंवा घरच्यांवरच धावू लागलं, तर ते पिसाळलं असण्याची शंका घ्या. घशात हाड अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. माणसं आणि गुरं दूर करा आणि ताबडतोब पशुवैद्यकांना कळवा.

कुत्रं चावलं, ओरखडलं किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. चुना, मिरची, हळद भरू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा. लुई पाश्चर यांनी १८८५ साली या रोगावरची लस माणसाला प्रथम दिली. आज ती आपल्या दवाखान्यांतून मिळते. पूर्वीसारखी पोटात १४ इंजेक्शनं आता घ्यावी लागत नाहीत, दंडात थोडीच घ्यावी लागतात. पण डॉक्टरांनी सांगितलेली एकही तारीख चुकवू नका. रोगाची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात लस टोचा, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी मात्रा द्या आणि मग दरवर्षी टोचत राहा.

आता मोत्याचं सांगतो. दादांनी दगड सोडला आणि बांधावरून हाक मारायला सुरुवात केली. मोत्याला साखळीही लांब केली. महिनाभरात मोत्या हाकेसरशी शेपटी हलवू लागला. आता तो भुंकला की दादा उठून बघतात, कारण कोणीतरी परकं आलंय याची त्यांना खात्री असते.

लक्षात ठेवा

१. अंधारात आधी हाक, मग पाऊल.
२. भुंकल्यावर भाकरी नाही, गप्प झाल्यावर भाकरी.
३. घरात सगळ्यांचा नियम एक.
४. मार नको, आखूड साखळी नको.
५. स्वभाव एकाएकी बदलला तर पशुवैद्यकांना कळवा.
६. दरवर्षी लस टोचा. चावल्यास जखम साबणाने धुवा आणि दवाखाना गाठा.