कोळशाचे दोन धूर



कोळसा जाळला म्हणजे चिमणीतून दोन धूर निघतात असे म्हटले, तर रसायनशास्त्राचे प्राध्यापक आम्हांस हसतील. तथापि आजच्या विषयापुरता हा भेद आम्हांस सोयीचा वाटतो. पहिला धूर नाकाला झोंबतो, पानांवर बसतो. त्यात राख आणि गंधकाचा वायू असतो. दुसऱ्याला रंग नाही, वास नाही. तो कर्बाम्ल वायू, म्हणजे आजच्या मुलांचा कार्बन डायऑक्साइड.

पहिल्या धुराशी कसे झगडावे हे डहाणूने दाखविले. डहाणू-घोलवड हा चिकूच्या वाड्यांचा मुलूख. तेथे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र मंजूर झाले तेव्हा स्थानिक मंडळी कोर्टात गेली. वीज जाणार मुंबईच्या उपनगरांत, राख राहणार डहाणूत! सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली केंद्र थांबविले नाही. मात्र गंधक काढण्याच्या संयंत्राची अट सहजासहजी सैल करू नये, असे बजावले. त्याच वर्षी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला. पुढे न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आले. त्याने १९९९ मध्ये संयंत्र बसविण्यास सांगितले, आणि ते बसले २००७ साली. हुकूम मिळविणे हे चार आणे काम. तो अमलात येईतो पाठपुरावा करणे हे बारा आणे. डहाणूकरांनी ते बारा आणे काम केले, म्हणून आम्ही त्यांना मानतो.

पण या संयंत्रात धूर समुद्राच्या पाण्याने धुतला जातो, तेव्हा विरतो तो गंधकाचा वायू. कर्बाम्ल वायू जवळजवळ सगळा वर निघून जातो. किती? कर्बाचे बारा भार प्राणवायूच्या बत्तीस भारांशी मिळून चव्वेचाळीस होतात; म्हणून हा अदृश्य धूर जळलेल्या कोळशाहूनही जड भरतो. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे तो ढोबळ मानाने एक किलो. ५०० मेगावॅटचे केंद्र चोवीस तास पूर्ण भाराने चालले की १ कोटी २० लाख युनिटे होतात, म्हणजे दिवसाला बारा हजार टनांच्या आसपास. या सभागृहातले पंखे आणि आमच्यापुढचा हा ध्वनिक्षेपक त्या हिशेबाबाहेर नाहीत.

आता या वायूविरुद्ध फिर्याद कोणी करावी? करपलेले पान न्यायाधीशापुढे ठेवता येते. वर चढलेला समुद्र कसा ठेवणार?

हा प्रश्न इंग्लंडात केंट परगण्यात एकदा ज्यूरीपुढे आला. किंग्जनॉर्थ येथे १६०० मेगावॅटचे नवे कोळसा-केंद्र व्हायचे होते. ऑक्टोबर २००७ मध्ये ग्रीनपीसच्या सहा जणांपैकी पाच जण तेथील जुन्या केंद्राच्या दोनशे मीटर उंच चिमणीवर चढले आणि तिच्यावर त्यांनी पंतप्रधानांचे नाव रंगविले. खटला मालमत्तेच्या नुकसानीचा झाला. शेजाऱ्याच्या घराला आग लागली असता दार फोडणाऱ्याला इंग्रजी कायदा गुन्हेगार समजत नाही; आमचेही कृत्य त्याच जातीचे, असा आरोपींचा बचाव होता. हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन अमेरिकेहून साक्षीला आले. सप्टेंबर २००८ मध्ये मेडस्टोनच्या ज्यूरीने बहुमताने सहाही जणांना सोडले. तत्पूर्वी ऑगस्टात त्या केंद्राजवळच्या रानात शेकडो लोक तंबू ठोकून राहिले होते.

कंपनीने २००९ साली योजना लांबणीवर टाकली आणि पुढच्या वर्षी गुंडाळली. हे सारे श्रेय चळवळीला देणे आम्हांस पटत नाही. मंदीने विजेची मागणी घटली होती, आणि कंपनीने कारण दिले तेही तेच. पण मंदी सरते. मधल्या काळात लोकांनी तो प्रश्न मिटू दिला नाही. ब्रिटनमधील शेवटचे कोळसा-केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले.

आपल्याकडे कोळसा इतक्यात सुटणार नाही. ज्याच्या घरात दिवा उशिरा आला त्याला आधी तो विझव म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु पहिल्या धुराचे तरी काय? गंधक काढण्याची जी सक्ती डहाणूत इतक्या कष्टाने अमलात आली, तीतून केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य कोळसा-केंद्रांना सूट दिली. त्या केंद्रांच्या आसपासच्या गावांना आता कोर्टाची पायरी पुन्हा पहिल्यापासून चढावी लागेल.