गळीत हंगाम आणि सायकलस्वारांची सुरक्षितता



साखर कारखान्यांच्या संख्येत आपला सोलापूर जिल्हा राज्यात अग्रेसर आहे. गळीत हंगाम सुरू होताच पंढरपूर, माळशिरस, माढा तालुक्यांतील रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून उसाची वाहतूक रात्रंदिवस चालते. त्याच रस्त्यांनी मुले सायकलवर शाळेत जातात, मजूर दिवेलागणीस घरी परततात.

बाहेर आलेल्या उसाने ट्रॉलीचे मागील दिवे झाकले जातात. गाण्यांच्या चढ्या आवाजात चालकास सायकलची घंटा ऐकू येत नाही. वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूस ओढली जाते, आणि तेथे सायकलस्वार सापडतो.

मोडलेले हाड आम्ही सांधू शकतो. मेंदूची इजा मात्र अनेकदा कायमची ठरते. म्हणून प्रत्येक ट्रॉलीस परावर्तक पट्टी असावी. बंद पडलेल्या वाहनाभोवती मांडलेले दगड निघताना उचलावेत. सायकलस्वाराने मागे लाल रिफ्लेक्टर लावावा आणि वळणाऱ्या ट्रॉलीच्या आतून पुढे जाऊ नये. जखमीस मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. तेव्हा निःशंकपणे मदतीस धावावे.

देणगीदारांनी आपल्या दानाचा अल्पसा वाटा परावर्तक पट्ट्यांसाठी द्यावा, ही नम्र विनंती. रुग्णालयाची एखादी खाट त्यामुळे रिकामी राहिली, तर ते दान सत्कारणी लागले असे आम्ही मानू.