साडीखालचे बूट

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



मी आज बुटांवर बोलणार असे चिटणीसबाईंनी जाहीर केले, तेव्हा मागच्या रांगेत खसखस पिकली. ती मला ऐकू आली. समोर चैत्रगौर बसली आहे, कैरीची डाळ नि पन्हे तयार आहे, आणि ही बाई बुटांची कथा लावणार! त्यातून मी खरोखरच बूट घालून आले आहे. दाराशी किंचित राखी झाक असलेला पांढरा जोड दिसेल, तो माझा. जाताना अवश्य पाहा.

परंतु विषय केवळ हसण्याचा नाही. घरचीच गोष्ट सांगते. माझ्या सासूबाईंना मधुमेह होता. एका लग्नासाठी मी त्यांना नवी चप्पल आणून दिली. का, तर शालूच्या काठाशी तिचा रंग जुळला! तिचा पट्टा करंगळीवर घासत होता. पण मधुमेहात पुष्कळदा पायांची जाणीव मंदावते. त्यांना दुखलेच नाही. पायपुसण्यावर डाग दिसला तेव्हा जखम चिघळली होती. अखेर ती करंगळी काढावी लागली. मला त्या एवढेच म्हणाल्या, "तू हौसेने आणलीस गं." रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्यानंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी सत्तराव्या वर्षी बूट घातले. पहिले आठ दिवस लुगड्याचा घोळ खाली ओढून ते झाकीत. नवव्या दिवशी म्हणाल्या, "लोकांनी बघितले तर बघू देत, पाय माझे आहेत."

कोणी म्हणेल, बारामतीच्या लताबाई करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्याच ना? होय, साठी उलटल्यावर धावल्या, आणि २०२० साली त्यांच्यावर चित्रपटही निघाला. पण त्या धावल्या त्या पतीच्या उपचारांना पैसे हवे होते म्हणून. त्यांच्या जिद्दीला आपण नमस्कार करावा. अनवाणी पायांचा मात्र आदर्श करू नये.

हे बूट आपल्याकडे काही आज आलेले नाहीत. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. पुढे कापडाला रबरी तळ जोडून खेळाचे हलके बूट निघाले. आपल्यापैकी कितीजणींनी कवायतीच्या आदल्या रात्री शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट खडू फासून उजळले असतील! आजचे स्पोर्ट्स शूज ही त्यांचीच पुढची पिढी.

आता घ्यावयाचे कसे? पहिली गोष्ट, खरेदीला संध्याकाळी जावे. दिवसभरात पाय थोडे सुजतात. सकाळी नेमका बसलेला बूट सायंकाळी आवळतो. दुसरी, दोन्ही पाय मोजून घ्यावेत, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो. माप मोठ्या पायाचे धरावे. घरी कोऱ्या कागदावर उभे राहून पायाची कड पेन्सिलीने आखावी आणि तो कागद कापून दुकानात न्यावा. बुटाचा तळ त्याहून अरुंद दिसला तर तो जोड कितीही देखणा असो, परत ठेवावा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. आकड्यावर विसंबू नये. एका कंपनीचा पाच दुसऱ्या कंपनीच्या पाचाशी जुळेलच असे नाही.

मग बूट हातात घेऊन वाकवून पाहावा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, कारण पाऊल तिथेच वाकते. मधोमध दुमडला किंवा ओल्या फडक्यासारखा पिळला गेला तर नको. टाचेची बाजू घट्ट असावी आणि चालताना टाच वर निसटू नये. दुकानातील गालिच्यावर दोन पावले टाकून समाधान मानू नका. कडक फरशीवर चालून पाहा. "वापरून सैल होईल हो," असे दुकानदार म्हणाला, तर नम्रपणे उठावे.

राहिला प्रश्न शोभेचा. फाल्गुन-चैत्रात ऊन चढू लागते. म्हणून वरचे कापड जाळीदार आणि रंग फिका असावा. दुधी, राखाडी, बदामी हे रंग सुती साडीवर, सलवार-कुडत्यावर आणि मुलींच्या जीनवरही खुलतात. भडक पट्टे असलेला जोड एकाच पोशाखाचा होऊन बसतो. एक युक्ती सांगते: साडी नेसताना बूट आधी घालावेत, म्हणजे निऱ्यांची उंची बरोबर साधते. नाड्यांची टोके आत खोचावीत, नाहीतर निऱ्यांत अडकून पडण्याची भीती असते. मोजे सुती आणि आखूड असावेत.

रोज चालणारीने शक्य तर दोन जोड आलटून पालटून वापरावेत, म्हणजे घामाची ओल सुकते. धुतलेले बूट आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावेत. कडक उन्हात डिंक सुटतो. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पाय घालण्यापूर्वी बुटात हात फिरवून खडा वगैरे नाही ना, हे पाहावे, आणि रात्री तळपाय निरखावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगावे. यात संकोच कसला?

भगिनींनो, घरातल्या प्रत्येकाच्या पायाचे माप आपल्याला तोंडपाठ असते. मुलाचे, नवऱ्याचे, नातवाचेसुद्धा. स्वतःचे मात्र दुकानात गेल्यावर आठवावे लागते. आज घरी गेल्यावर एक कागद घ्या, त्यावर उभ्या राहा आणि आपले पाऊल आखा. घरात सासूबाई किंवा आई असतील तर त्यांचेही आखा. मी ते उशिरा केले.

 डाळ वाट पाहते आहे.