उत्तर ध्रुवाच्या उंबरठ्यावरील अरण्याचे वजन

अरण्याचे वजन करता येते काय, हा प्रश्न श्रोत्यांना प्रथमदर्शनी विनोदाचा वाटेल. परंतु ते काम झालेले आहे, आणि तेही जेथे हिवाळ्यात काही आठवडे सूर्य उगवतच नाही अशा प्रदेशात. उत्तर फिनलंडमधील केवो व उत्तर स्वीडनमधील आबिस्को येथील संशोधन केंद्रांनी १९६४ ते १९७४ या काळातील आंतरराष्ट्रीय जीवशास्त्रीय कार्यक्रमात भाग घेऊन या मोजणीस मोठी चालना दिली.

तेथील मुख्य वृक्ष म्हणजे डोंगरी भूर्ज. हिमालयातील भूर्जपत्राच्या झाडाचा हा भाऊबंद उंचीने जेमतेम काही मीटर असतो आणि बहुधा एकाच बुंध्यापासून त्याची अनेक खोडे फुटतात. सगळे वन तोडून तराजूत घालणे शक्य नाही. म्हणून लहानमोठी निवडक झाडे तोडून खोड, फांद्या व पाने वेगळी करतात आणि वजन उतरायचे थांबेपर्यंत ती ओव्हनमध्ये वाळवितात. खोडाची जाडी आणि शुष्क वजन यांचे गणिती नाते एकदा बसले, की उरलेल्या उभ्या झाडांची केवळ जाडी मोजून भागते. अनेक खोडांच्या झाडाला मात्र प्रत्येक खोड निराळे मोजावे लागते. झाडांखालील बिलबेरीची झुडपे, शेवाळ व दगडफूल आखलेल्या चौकटीतून कापून घेतात. खरे कष्ट मुळांचे. ती खणायची, चाळायची, धुवायची, आणि मेलेली मुळे जिवंत मुळांपासून निवडायची. हा भाग टाळण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण तो टाळला तर अर्धेच अरण्य मोजले जाते.

वजनानंतर पोषक द्रव्यांची पाळी येते. डॅनिश रसायनज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये शोधलेल्या पद्धतीने नत्र मोजता येते. स्फुरद, पालाश व कॅल्शियम यांचे निराळे पृथक्करण होते. येथे पाने केव्हा तोडली यास फार महत्त्व आहे. पानगळीपूर्वी झाड पानांतील नत्र व स्फुरद यांचा बराच भाग परत ओढून घेते, त्यामुळे जुलैचे पान आणि सप्टेंबरचे पान यांचा हिशेब जुळत नाही. झाडाची ही काटकसर अकारण नाही. थंडीमुळे पाचोळा कुजण्यास फार वेळ लागतो. जमिनीत नत्राचा साठा मोठा असला, तरी बहुतांश सेंद्रिय द्रव्यात अडकलेला असतो.

अशा तोलून चालणाऱ्या संसारावर १९६५-६६ मध्ये घाला आला. एका पतंगाच्या अळ्यांनी फिनलंडच्या उत्स्योकी भागातील भूर्जांची पाने फस्त केली आणि हजार चौरस किलोमीटरांहून अधिक वन वठले. बुंध्यांतून नवे फुटवे आले, ते उन्हाळ्यात रेनडियरांनी खाल्ले. रेनडियरपालन हा तेथील सामी लोकांचा परंपरागत व्यवसाय. त्यामुळे जनावरे आवरा, असे सांगणे सोपे नव्हते. कित्येक ठिकाणी वन परतलेच नाही, उघडे माळ राहिले.

आता उष्णता वाढत असून भूर्जवन डोंगरावर चढू लागले आहे. झाडे वाढली म्हणजे अधिक कार्बन साठला, असे कोणीही म्हणेल. आबिस्कोजवळील मोजणीचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मात्र उलट निघाले. वनस्पतींतील कार्बन भूर्जवनात अधिक होता, पण मातीतील कार्बन लगतच्या झुडपी माळापेक्षा इतका कमी होता, की एकूण बेरजेत माळच वरचढ ठरला. मातीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधील रेडिओकार्बन तपासला असता, ऐन उन्हाळ्यात भूर्जवनाच्या मातीतून पूर्वी साठलेला कार्बन बाहेर पडत असल्याचे दिसले. झाडे जोमात वाढत असतानाच मुळांभोवतीच्या जुन्या सेंद्रिय द्रव्याचे विघटन वेग घेते, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला.