यंत्र म्हणते, डोळे मिचकावा



मोबाइलवरून बँकेत खाते उघडू पाहणाऱ्याला यंत्र आज्ञा करते, ‘डोळे मिचकावा’. समोर जिवंत माणूस आहे, नुसते छायाचित्र नव्हे, याची खात्री करण्याची ही रीत. ॲसिड हल्ल्यातून बचावलेल्या प्रज्ञा प्रसून यांना ही आज्ञा पाळणे शक्य नव्हते. दृष्टिहीन वकील अमर जैन यांनाही अशाच अडचणी आल्या. दोघांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. डोळे मिचकावण्याला पर्याय ठेवावा, अंगठ्याचा ठसाही स्वीकारावा, असे एकूण २० निर्देश न्यायालयाने दिले.

निकाल दिल्लीत लागला. त्याची परीक्षा मात्र गावातल्या ‘आपले सरकार’ सेवा केंद्रात होणार आहे. २०११च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते आणि त्यांतले सुमारे ६९ टक्के खेड्यांत राहत होते. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, तेव्हा प्रत्यक्ष संख्या याहून मोठीच असणार. ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी व्यवहारात येऊन दहा वर्षे झाली. केंद्राची पायरी मात्र अनेक गावांत होती तेवढीच उंच आहे.

कुष्ठरोगाने बोटे झिजलेल्या वृद्धाचा ठसा यंत्र घेत नाही. अशांसाठी आधार नोंदणीच्या नियमांत अपवादाची तरतूद आहे. पण केंद्रचालकाला ती ठाऊक नसते आणि तो सहजपणे म्हणतो, ‘पुन्हा या.’ या दोन शब्दांची किंमत कोणी मोजली आहे काय? रिक्षाचे भाडे, सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी, आणि हयातीच्या दाखल्यावाचून अडकलेले निराधार योजनेचे अनुदान. तीन फेऱ्यांनंतर माणूस जाणेच सोडतो.

दृष्टिहीनांपुरते बोलायचे तर यंत्र केव्हाच सज्ज झाले आहे. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली ‘एनव्हीडीए’ हे संगणकाचा पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर सुरू केले. ते विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ ही अशीच सोय आहे. अडथळा आपल्याकडून येतो. ग्रामपंचायतीच्या सूचनेचे छायाचित्र काढून व्हॉट्सॲपवर टाकले जाते. फोन म्हणतो, ‘चित्र’. जुन्या छपाईच्या फाँटमधला मजकूर उच्चारताना तर तो असंबद्ध बडबड करतो. सणाच्या शुभेच्छांचे चित्र वाचता आले नाही तर फारसे बिघडत नाही. पाणी कधी येणार हे न कळल्याने बिघडते. छायाचित्राखाली युनिकोडमध्ये चार ओळी टंकित करायला पैसा लागत नाही.

तोवर दृष्टिहीन काकांच्या खात्याचा पिन पुतण्याकडे असतो. पुतण्या बहुधा भला असतो. परंतु आपल्या खात्यात किती रक्कम उरली, हे मोठ्या वयाच्या माणसाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागणे, यातली व्यथा हिशेबात येत नाही. कानाला इयरफोन लावून तीच रक्कम त्याला स्वतः ऐकता येते. मात्र ते शिकवायला कोणीतरी आठ-पंधरा दिवस त्याच्याजवळ बसावे लागते.

पैशांची सबब येथे टिकत नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. अनेक ठिकाणी मार्चअखेरीस वस्तुवाटप होते, हारतुरे होतात, छायाचित्र छापून येते. त्याच निधीतून केंद्राला उतरण बांधता येईल, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी केंद्रचालकाला यंत्रासह पाठवता येईल, बोलता फोन चालवणाऱ्या तालुक्यातील एखाद्या दृष्टिहीन तरुणाला मानधन देऊन शिक्षक नेमता येईल. येत्या ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी एवढेच विचारावे: गेल्या वर्षीचे ५ टक्के किती होते, आणि ते कशावर खर्च झाले?